सभेआधी एकदा गोल बसा

तुमच्या मंडळीची मागची वार्षिक सभा आठवा. उपासना संपली. सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचलं, खजिनदारांनी हिशेब वाचला. मग कुणीतरी विचारलं, ‘कोणाला काही बोलायचंय का?’ किती जण बोलले? बहुधा चार. तेही दरवर्षीचेच चार. बायकांच्या डोक्यात घरचा स्वयंपाक होता. तरुण मुलं बाहेर गाड्यांपाशी उभी होती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

खरं बोलणं त्यानंतर सुरू झालं. फाटकाशी, रिक्षात, रात्री फोनवर.

फाटकाशी जे बोललं जातं ते आत, सगळ्यांसमोर, न घाबरता बोलता यावं, अशी जागा तुमच्या मंडळीत तयार करा. त्याला पैसे लागत नाहीत. बाहेरून कुणी शिकवायला यावं लागत नाही. थोडी तयारी आणि बराचसा धीर लागतो.

जे आत बोलता येत नाही, ते कुठेतरी बाहेर पडतंच. एखादं कुटुंब भांडण न करता दुसऱ्या मंडळीत जायला लागतं. तुमच्या लक्षात येईपर्यंत सहा महिने उलटलेले असतात. दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत आणि कारण कुणालाच धड सांगता येत नाही. काही ठिकाणी वाद कोर्टात जातो. मग छपरासाठी जमवलेला पैसा वकिलाच्या फीमध्ये जातो. निकाल लागतो तेव्हा दोन्हीकडची माणसं एका बाकावर बसायला तयार नसतात. हे सगळं टाळता येतं असं मी म्हणणार नाही. पण यातलं पुष्कळ टाळता येतं.

आधी प्रेषितांची कृत्ये उघडा आणि सहावा अध्याय पुन्हा वाचा. यरुशलेमेतली पहिली मंडळी. रोज अन्न वाटलं जायचं. ग्रीक बोलणाऱ्या घरांतल्या विधवा त्यातून सुटत होत्या. त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. बारा प्रेषितांनी काय केलं ते पाहा. कुरकुर कोण करतंय याची चौकशी केली नाही. रागावले नाहीत. सगळ्या शिष्यांना बोलावलं, अडचण मोकळेपणी पुढे ठेवली आणि सांगितलं, तुमच्यातली सात माणसं तुम्हीच निवडा.

आता त्या सातांची नावं वाचा. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचं काम गेलं. ज्यांची तक्रार होती, त्यांना कोठाराची किल्ली मिळाली. मला या साऱ्या विषयाचं मूळ इथे दिसतं. लोकांना बोलू देणं ही पहिली पायरी झाली. बोलल्यावर त्यांच्या हाती काम सोपवणं, ही खरी कसोटी. तुमच्या मंडळीत असं शेवटचं कधी झालं, ते एकदा घरी बसून आठवा.

पंधरावा अध्यायही वाचा. तिथे वाद फार मोठा होता. परराष्ट्रीयांतून आलेल्या भावांनी सुंता करून घ्यावी की नाही? पुष्कळ वादविवाद झाला. पेत्र बोलला. मग सगळा समुदाय गप्प राहिला आणि बर्णबा व पौल काय सांगतात ते ऐकलं. याकोब शेवटी बोलला. जे ठरलं ते पत्रात लिहिलं आणि ते पत्र नुसतं धाडलं नाही, समजावून सांगायला माणसं बरोबर दिली. बैठक कशी चालवावी, याचे धडे आणखी कुठे शोधायला नकोत.

काही वडीलधारी म्हणतील, हे असं सगळ्यांनी गोल बसून बोलणं बाहेरून आलेलं खूळ आहे. त्यांना आदराने आठवण करून द्या. नगर, सातारा, सोलापूर भागातल्या कितीतरी जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. मंडळीचा कारभार सभासदांनी एकत्र बसून चालवायचा, हे त्या परंपरेचं तत्त्वच होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या भक्तीत भजन-कीर्तन रुजवलं आणि 1917 साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. कुणाकडे बिशप होते, कुणाकडे वडीलजन, कुणाकडे सभासदांची सभाच सगळं ठरवायची. त्यांची बोलणी 1929 पासून चालली होती. एवढा धीर आपल्याच वाडवडिलांनी दाखवला आहे.

कॅथलिक वाचकांना तर ही वाट ओळखीची आहे. 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मप्रांतांत लोकांचं ऐकायला सुरुवात करवली. ऑक्टोबर 2023 मध्ये रोमला बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्त्री-पुरुष गोल टेबलांभोवती बसले. त्यांची रीत साधी होती. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं म्हणणं सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग थोडा वेळ शांतता. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं, ते सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत, आपल्या सगळ्यांना मिळून काय दिसतंय, ते शोधायचं. तुमच्या दहा-बारा जणांच्या बैठकीला हीच रीत पुरेल. प्रॉटेस्टंट असलात तरी निःसंकोच उचला.

आता कामाला लागू.

पाळकांना डावलून सुरुवात करू नका. पंचांनाही आधी सांगा. ‘तुमच्याविरुद्ध काही नाही, तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून हे आहे,’ असं स्पष्ट बोला. मोशेचा सासरा इथ्रो याने जावयाला हेच सांगितलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशेने ऐकलं. सासऱ्याचा सल्ला आहे, असं म्हणून टाळला नाही.

पाळक स्वतःच हे वाचत असतील तर त्यांना माझी एक विनंती. तुम्ही त्याच गोलात बसा आणि सगळ्यांच्या शेवटी बोला. तुम्ही पहिलं वाक्य बोललात की बाकीचे तुमचंच वाक्य फिरवून बोलतील. प्रेमाने बोलतील, पण तुम्हाला नवं काहीच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. निर्णय आधीच झाला असेल तर लोकांना बोलवू नका. कंत्राटदार ठरलाय, पायाचा खड्डासुद्धा खणून झालाय, आणि मग ‘हॉल बांधावा का?’ असं विचारलंत, तर लोक एकदा येतील. दुसऱ्यांदा येणार नाहीत. निर्णय झाला असेल तर तो कारणांसह सरळ जाहीर करा. त्यात काही कमीपणा नाही.

बैठकीला एकच प्रश्न ठेवा. तो असा हवा, की आजीलाही उत्तर देता यावं आणि अकरावीतल्या मुलीलाही. ‘मंडळीची आत्मिक उन्नती कशी होईल?’ हा प्रश्न कानाला बरा लागतो, पण त्यावर सगळे पाठ केलेलं बोलतात. त्याऐवजी विचारा, ‘आपल्याकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला काय दिसतं?’ किंवा, ‘दहावीनंतर मुलं यायची का थांबतात?’ किंवा, ‘मागच्या वर्षी तुमच्या घरावर संकट आलं तेव्हा मंडळी तुमच्यापर्यंत पोहोचली का?’ हा तिसरा प्रश्न विचारायला धैर्य लागतं. जमेल तेव्हा तोच विचारा.

बोलावणं घरी जाऊन करा. व्यासपीठावरून केलेली सूचना नेहमीच्याच लोकांना ऐकू येते. कोण येत नाही त्याची यादी काढा. शेवटच्या बाकावर बसून लवकर निघून जाणारा भाऊ. नवरा गेल्यापासून कमी दिसणारी बहीण. रविवारीही ड्युटी असणाऱ्या नर्स भगिनी, ज्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एखाद्या संध्याकाळी वेगळी बैठक ठेवा. गावातली कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतील, तर त्यांच्याशी संबंधित काहीही त्यांच्या पाठीमागे ठरवू नका. ती परत येईपर्यंत थांबा.

बसायची जागा नीट बघा. चर्चमधले बाक सरकत नसतील तर व्हरांड्यात किंवा हॉलमध्ये बसा. पंचांना खुर्ची आणि बायकांना सतरंजी, असं नको. कुणाचे गुडघे दुखत असतील तर सगळ्यांसाठीच खुर्च्या मांडा. मध्ये टेबल ठेवू नका. माइक लावू नका. माइक हातात आला की माणूस भाषण करतो.

एका गोलात आठ ते बारा माणसं पुरे. वेळ सव्वा तास, आणि सांगितलेल्या वेळेला बैठक संपवा. लोकांना बस पकडायची असते, घरी म्हाताऱ्यांना जेवण द्यायचं असतं. चहा पुरुषांनी करावा, म्हणजे बहिणींना पहिल्यापासून बसता येईल. लहान मुलांना सांभाळायला संडे स्कूलच्या दोन शिक्षकांना सांगा, आणि त्या शिक्षकांचं म्हणणं दुसऱ्या दिवशी जाऊन ऐका.

सुरुवातीची प्रार्थना छोटी असू द्या. प्रार्थनेतून कुणाला टोमणे मारू नका. हे होतं, तुम्हालाही माहीत आहे.

मग चार गोष्टी मोठ्याने सांगा. एका वेळी एकच जण बोलेल. बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणता येईल, त्याबद्दल कुणी काही विचारणार नाही. इथे कुणी आपलं दुःख सांगितलं तर ते फाटकाबाहेर जाणार नाही. आणि इथे नसलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलायचं नाही.

हातातून हातात काहीतरी फिरवा. ते ज्याच्या हातात असेल तोच बोलेल. ‘उपासना संगीत’चं पुस्तक चालेल, साधा गुळगुळीत दगडही चालेल. बायबल मात्र फिरवू नका. बायबल हातात घेतल्यावर साधी माणसं आपलं मन सांगायला कचरतात. त्यांना वाटतं, आता वचनच सांगायला हवं.

पहिली फेरी ओळखीची. अनेक वर्षं शेजारी बसणाऱ्यांनाही एकमेकांचं बरंच ठाऊक नसतं. ‘या मंडळीतली तुमची सर्वात जुनी आठवण सांगा,’ एवढंच विचारा. मग मुख्य प्रश्न. मग वर सांगितलेली दुसऱ्याचं ऐकून बोलायची फेरी. ही फेरी घाईत वगळू नका. आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलं, हे माणसाला तिथे कळतं.

एकाने बैठक चालवावी आणि दुसऱ्याने लिहावं. लिहिणाऱ्याने बोलणाऱ्याचेच शब्द लिहावेत. ‘आमच्या आईला दवाखान्यात कुणी भेटायला आलं नाही,’ असं कुणी म्हणालं, तर वहीत ‘रुग्णभेटीबाबत नाराजी व्यक्त करण्यात आली’ असं लिहू नका. तिचं वाक्य तसंच लिहा. शेवटी सगळं वाचून दाखवा आणि चुकलं असेल तर दुरुस्त करा. ज्यांना आपलं नाव नको असेल, त्यांचं नाव लिहू नका. वसईत कुणाला कादोडीत बोलायचं असेल, किंवा गावाकडच्या बोलीत, तर बोलू द्या. लिहून द्यायला कुणालाही सांगू नका. अक्षरओळख नसलेली माणसं तेवढ्यासाठी यायची थांबतात.

साठ-सत्तर जण जमले तर पाच-पाचांचे गट करा. वीस मिनिटं बोलून झालं की प्रत्येक गटात एकाने बसून राहावं, बाकीच्यांनी उठून वेगवेगळ्या गटांत जावं. बसलेल्याने नव्यांना आधीचं सांगावं. असं तीनदा करा. तासाभरात एका गटातलं बोलणं पुष्कळ गटांत पोहोचतं. कॅलिफोर्नियात 1995 साली हुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी जमलेल्यांना ही रीत सापडली. आता ती जगभर वापरतात.

अडचणी येतील. एखादे काका थांबणारच नाहीत. त्यांना चारचौघांत अडवू नका. आधीच सगळ्यांना सांगून ठेवा की प्रत्येकाला तीन मिनिटं आहेत, आणि वेळ पाहायचं काम त्या काकांनाच द्या. एखादा नवरा बायकोच्या वतीने उत्तर देईल. नवरा-बायकोंना वेगवेगळ्या गटांत बसवा. कुणी रडेल. लगेच उठून पाणी, रुमाल, वचन असं सुरू करू नका. थोडा वेळ थांबा, तिला बोलायचं असेल तर बोलू द्या. सगळे गप्प बसले, तर गप्पच राहू द्या. अर्धा मिनिट फार मोठं वाटतं, पण त्यानंतर बोलणारा माणूस बहुधा खरं बोलतो.

आता जरा जपून ऐका. सगळंच गोलात आणायचं नसतं. कुणी एखाद्या मुलावर किंवा बाईवर हात टाकला असेल, अत्याचार केला असेल, तर ते बैठकीत मिटवायचं नाही. क्षमा आणि समेटाच्या नावाखाली तर अजिबात नाही. मुलाच्या बाबतीत पोलिसांना कळवणं हे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. पीडित मुलीला आरोपीसमोर गोलात बसवणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. पैशांची अफरातफर झाली असेल तर हिशेब तपासनीस बोलवा. दोन घरांचं जुनं वैर असेल तर आधी दोघांना वेगवेगळं भेटा.

जमिनीचं आणि इमारतीचं काम असेल तर बैठकीतल्या इच्छेला ठराव समजू नका. ट्रस्टची जागा विकायची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गोलात मन कळतं. निर्णय घटनेप्रमाणे कमिटीत आणि सभेत व्हायला हवा. पण तो सभेत येईल तेव्हा लोकांना काय आणि का, हे आधीच ठाऊक असेल.

बैठक झाली की खरं काम सुरू होतं. पंधरा दिवसांच्या आत लोकांना उत्तर द्या. काय स्वीकारलं, काय स्वीकारता आलं नाही आणि का नाही, तेही सांगा. नोटीस बोर्डावर लावा आणि उपासनेनंतर वाचूनही दाखवा. ‘नाही’ हे उत्तर लोक सोसतात. उत्तरच आलं नाही तर मात्र त्यांचं मन उडतं.

जे स्वीकारलं, त्यातलं एक छोटं काम लगेच करा. आणि ते सुचवणाऱ्याच्याच हाती द्या, कृत्यांतल्या त्या सातांसारखं. दवाखान्यात भेटायला कुणी जात नाही असं जिने सांगितलं, तिला विचारा, ‘भेटींची वही तू ठेवशील का? तुझ्याबरोबर अजून दोघं देतो.’ तिला एकटीवर सोडू नका. प्रत्येक कामाला एक जुनं आणि एक नवं माणूस अशी जोडी लावा. वर्षाने जुन्याने बाजूला व्हावं. बैठक चालवायचं कामही फिरतं ठेवा. दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलीने एकदा चालवू द्या. ती अडखळेल. तुम्ही मान हलवून धीर द्या, मध्ये बोलू नका.

हंगामाच्या सणाची तयारी हा सुरुवातीला फार चांगला विषय आहे. कुणाचंही मन दुखत नाही आणि लोकांना सवय लागते. पैशांचा आणि जागेचा विषय तीन-चार बैठकांनंतर घ्या.

पाळकांची बदली होते. नवे साहेब येतात, त्यांची रीत वेगळी असते, आणि आधीचं सारं विरून जातं. म्हणून ही बैठक पाळकांच्या नावावर ठेवू नका, मंडळीच्या नावावर ठेवा. दर तीन महिन्यांनी कोणत्या रविवारी बसायचं ते वर्षाच्या सुरुवातीलाच मंडळीच्या कॅलेंडरवर छापून घ्या. बैठकांची वही कपाटात सेक्रेटरींच्या इतर वह्यांबरोबर ठेवा. नवे पाळक आले की पहिल्या महिन्यातच दोन जण त्यांच्याकडे चहाला जा. एक तरुण, एक वडीलधारा. वही त्यांच्यापुढे ठेवा, मागच्या वर्षी लोक काय म्हणाले ते वाचून दाखवा, आणि पुढच्या बैठकीची तारीख सांगून त्यांना बोलावणं करा.